साडेचार लाखांत लांब पल्ल्याची रायफल: हिशेब गोळीपासून मांडा

कागल तालुक्यातल्या तिशीच्या एका शेतकरी गृहस्थांनी विचारलंय, तो प्रश्न असा: साडेचार लाख रुपये बाजूला काढलेत. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं पदक बघितल्यापासून नेमबाजी डोक्यात आहे. लांब पल्ल्याची अशी एकच रायफल हवी, जिच्यावर टार्गेटही मारता येईल आणि उसात डुकरं घुसतात त्यांच्यासाठीही ती चालेल. .२२ (नळीचं भोक ०.२२ इंची) घेऊ की मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची? आणि दुर्बीण कुठली बसवू?

तुम्ही एका रायफलवर दोन कामं टाकली आहेत आणि सगळे पैसे त्या रायफलवरच मोजले आहेत. आधी ही दोन कामं वेगळी करू. पैशाचं गणित त्यानंतर आपोआप सुटं होतं.

शिकारीचा विषय लवकर संपतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानुसार शिकारीला बंदी आहे. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, चित्तेवान असायचे, ही गोष्ट खरी. पण ते दिवस गेले. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी वनविभागाची लेखी परवानगी मिळू शकते, मात्र ती त्या प्राण्यापुरती, त्या भागापुरती आणि अटींसह असते. ती गृहीत धरून कुणी बंदूक विकत घेऊ नये. शिवाय पीकसंरक्षणासाठी शस्त्र कायद्यात सोय आहे ती ठासणीच्या बंदुकीची, दुर्बीण लावलेल्या रायफलची नाही. अर्जात 'खेळ' लिहायचं आणि मनात डुकरं ठेवायची, असं केलंत तर परवान्याच्या अटीचा भंग तुमच्या नावावर लागेल.

कायदा बाजूला ठेवला तरी जमीन बघा. .२२ ची साधी गोळी नळी तिरकी धरली तर दीड किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. मऊ शिशाची असली तरी दगडावर किंवा पाण्यावर आपटून ती भलतीकडे उसळते. आपल्याकडे उभ्या उसात भांगलणीला बायका असतात, पाणी पाजायला माणूस असतो, पलीकडच्या बांधावर पोरं असतात, आणि यातलं कुणीही दिसत नाही. गोळीमागे मातीचा भक्कम बांध नसेल तिथे रायफल चालवायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. कागलच्या सपाट रानात तसा बांध मिळणार नाही. डुकरांसाठी झटका मशीनचं सौर कुंपण करा, नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे पंचनाम्याचा अर्ज करा. तारेत थेट घरची लाइट मात्र सोडू नका. झटका मशीन क्षणभराचा ठोका देऊन थांबतं; थेट वीज माणसाला धरून ठेवते आणि मारते.

आता टार्गेट. 'लांब पल्ला' म्हणजे किती, हे आधी ठरवायला हवं. व्हिडिओत दिसतं ते आठशे-हजार मीटरचं नेमबाजीचं जग आपल्याकडच्या सामान्य खेळाडूला उपलब्ध नाही. ३०० मीटरच्या रेंज, म्हणजे नेमबाजीच्या जागा, बहुतेक सैन्याच्या किंवा पोलीस दलाच्या ताब्यात आहेत. मोठ्या बोअरमध्ये बिगरलष्करी माणसाला मिळते ती .३१५ ची किंवा .३०-०६ ची स्पोर्टिंग रायफल. तिच्या गोळ्या महाग, धक्का मोठा आणि सरावाला जवळपास जागा नाही. वर्षातून चार वेळा काढायची वस्तू होऊन ती कपाटात राहते. कोल्हापूरच्या नेमबाजांनी नाव काढलं ते ५० मीटरवर. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जागतिक विजेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ ला कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात. आपल्या दृष्टीने लांब पल्ला तो हाच, आणि तो मुळीच सोपा नाही. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

दुर्बिणीचं उत्तर यातच आलं. आंतरराष्ट्रीय नियमांच्या ५० मीटर आणि १० मीटर रायफल प्रकारात रायफलवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची डायऑप्टर साइट आणि पुढे रिंग, एवढ्यावरच नेम धरायचा. स्कोपसाठी काढून ठेवलेले पैसे मोकळे झाले असं समजा.

मग थेट ५० मीटरची .२२ घ्यावी का? इथे मी उलटा हिशेब करतो. रायफलची किंमत झाकून ठेवायची आणि वर्षाला गोळ्या किती लागतील ते आधी मोजायचं. रायफल एकदा घ्यायची असते, गोळी दर वेळी. सरावाच्या एका दिवसाला ६० गोळ्या आणि नेम बसवायला १५, म्हणजे ७५. आठवड्याला तीन दिवस धरले तर २२५. पाऊस, सुगी, लग्नकार्य वजा करून वर्षाचे ४४ आठवडे धरले तरी ९,९०० होतात. दहा हजारच म्हणा. सरावाच्या प्रतीची गोळी २० रुपयांना धरली तर दोन लाख. स्पर्धेची चांगली गोळी ३५ रुपयांना धरली तर साडेतीन लाख. हा फक्त गोळ्यांचा वर्षाचा खर्च, त्यात रायफल, जॅकेट, प्रवास काहीच नाही. .२२ ची मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, रायफल नवी घ्यायला गेलात तर तुमची सगळी रक्कम तिच्यातच जाईल आणि गोळीला पैसा उरणार नाही.

त्यातही परवान्यावर गोळ्यांची एका वेळची आणि वर्षाची मर्यादा लिहिलेली असते. सर्वसाधारण परवान्यावरचा आकडा सरावाला कुठेच पुरत नाही. खेळाडू म्हणून वाढीव कोटा मिळतो तो स्पर्धांतल्या कामगिरीवर आणि नेमबाजी संघटनेच्या शिफारशीवर. म्हणजे आधी गुण दाखवायचे, मग गोळ्या मिळणार. ते गुण कुठे दाखवायचे? १० मीटरवर.

१० मीटर म्हटलं की मोठ्या माणसाला कमीपणा वाटतो, 'छऱ्याची बंदूक' म्हणून. वाटून घेऊ नका. तिथलं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं आहे, कागदावर पेनाने ठेवलेल्या टिंबाएवढं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तो नुसता शिवला तरी दहा मिळतात. पण शिवायलाच नेम थेट मध्यावर लागतो. उभं राहणं, श्वास, ट्रिगर, नेम सुटल्यावरही स्थिर राहणं, ही ५० मीटरला लागणारी सगळी शिस्त इथे २-३ रुपयांच्या छऱ्यावर शिकता येते. मॅच एअर रायफलचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आत राहते. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्यांत वर्ष जात नाही. बिल आणि ओळखपत्राची प्रत केसमध्ये कायम ठेवा. एसटीत किंवा रेल्वेत कुणी विचारलं तर कामाला येते.

आता तुमच्या साडेचार लाखांची वाटणी. भाव युरोबरोबर आणि करांबरोबर हलतात, म्हणून खालचे आकडे अंदाजपत्रकाचे समजा. डीलरकडून लेखी कोटेशन घ्या, त्यात जीएसटी आणि वाहतूक धरली आहे का ते विचारा आणि आकडे बदलून घ्या. वाटणीची पद्धत तीच ठेवा.

आठवड्याला चार दिवस, दिवसाला ८० छर्रे, वर्षाचे ४६ आठवडे, म्हणजे जवळपास १५ हजार छर्रे. पाचशेच्या डबीने ३० डब्या. त्यातल्या २४ सरावाच्या, ९०० रुपयांप्रमाणे. सहा स्पर्धेच्या, १,७०० रुपयांप्रमाणे. मिळून ३२ हजार. रेंज आणि प्रशिक्षकाची फी महिना तीन हजार धरली तर वर्षाला ३६ हजार. जिल्हा, राज्य आणि त्यापुढची एक स्पर्धा. प्रवेश फी, प्रवास, मुक्काम धरून २८ हजार. जॅकेट, ट्राउजर, बूट, ग्लव्ह मिळून ६५ हजार. केस, साफसफाईचं सामान, हवा भरण्याची सोय, पुढच्या रिंगा वगैरे २० हजार. हाताशी राखून ठेवायचे ३० हजार. आणि रायफल, चांगल्या अवस्थेतली वापरलेली पीसीपी (सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल, १ लाख ४० हजार. पहिलं वर्ष ३ लाख ५१ हजारात बसतं. दुसऱ्या वर्षी छर्रे, फी आणि स्पर्धा एवढंच, ९६ हजार. एकूण ४ लाख ४७ हजार.

म्हणजे रायफलच्या वाट्याला एक तृतीयांशही रक्कम येत नाही, आणि सलग दोन वर्षं सराव होतो. आता दुसरी बाजू बघा. तुम्ही नवी कोरी, वरच्या मॉडेलची एअर रायफल २ लाख ८० हजारांना घेतली. उरले १ लाख ७० हजार. कपडे आणि सामानाचे ८५ हजार गेले की तेवढेच उरतात. त्यात एका वर्षाचे छर्रे आणि फी भागते, स्पर्धेला १७ हजार राहतात, अडीअडचणीला काही नाही. दुसऱ्या वर्षी रायफल उत्तम आणि डबीला पैसे नाहीत, अशी गत होते. अडखळतात ती माणसं बहुतेक याच जागी. रायफल वाईट होती म्हणून खेळ सुटला, असं क्वचितच दिसतं.

वापरलेली रायफल घ्यायची म्हटल्यावर पारख आली. पहिल्यांदा सिलिंडर फिरवून त्याच्यावरची तारीख वाचा. एअर रायफलच्या सिलिंडरची मुदत साधारणपणे उत्पादनापासून दहा वर्षं धरतात, आणि ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. मुदत संपलेला सिलिंडर बाहेरून चकाचक दिसतो, पण स्पर्धेच्या उपकरण तपासणीत अडतो, आणि २०० बारच्या दाबाला जुन्या धातूवर विश्वास ठेवणं म्हणजे तोंडाशेजारी धोका बाळगणं. मुदत जवळ आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून घ्या. मग गेजवर दाब बघून ठेवा आणि रायफल एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी काटा खाली आलेला असेल तर सील गेलंय. सील बदलणं मोठं काम नाही, पण विकणाऱ्याने ते सांगितलं नसेल तर आणखी काय सांगितलं नाही, याचा विचार करा.

त्यानंतर नळीची परीक्षा. रायफल हाताने मारून बघू नका, कारण तिथे तुमची चूक आणि नळीची चूक एकत्र मोजली जाते. रेंजवरच्या शिकंजात घट्ट बसवून, चांगल्या मॅच छऱ्याचे दहा नेम एकाच जागी मारा. दहांचं मिळून झालेलं भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं तर साडेसहा मिलिमीटरच्या आत यायला हवं. सात-साडेसात आलं तर लगेच नाक मुरडू नका, दुसऱ्या दोन प्रकारचे छर्रे घालून बघा. तिन्हींवर भोक मोठंच राहिलं तर ती रायफल सोडा. वेगमापक मिळाला तर वीस छऱ्यांचा वेग घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यातला फरक सेकंदाला चार-पाच मीटरच्या पुढे गेला तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) दुरुस्तीला आलाय. मागच्या साइटला बोटाने हलकं ढकलून बघा, खडखड नको. क्लिक उजवीकडे दहा आणि परत डावीकडे दहा दिले की नेम मूळ जागी यायला पाहिजे. नाही आला तर स्क्रू झिजलाय, आणि असली साइट तुम्हाला वर्षभर स्वतःवर संशय घ्यायला लावेल.

रायफल अंगाला बसते का, हे नळीइतकंच महत्त्वाचं. बट प्लेट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, कोपराच्या खोबणीत टेकवली की तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज यायला हवं. नंतर उभं राहून रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि गाल चीक पीसवर जड होऊन पडू द्या. डोळे उघडल्यावर मागच्या भोकातून पुढची रिंग मध्यभागी दिसली पाहिजे. ती दिसण्यासाठी मान खाली ढकलावी लागत असेल तर चीक पीस (गाल टेकायचा भाग) उंच आहे. डोकं मागे घ्यावं लागत असेल तर दस्ता आखूड आहे. बहुतेक मॅच रायफलींवर या दोन्ही गोष्टी सरकवता येतात. सरकवून संपल्या आणि तरी जमलं नाही, तर किंमत कितीही चांगली असो, ती रायफल दुसऱ्या अंगाची आहे. पुढच्या रिंगेबद्दल एक सांगून ठेवतो. नवखा माणूस हटकून बारीक रिंग मागतो, काळ्या ठिपक्याभोवती पांढरी कड कमी राहिली की नेम अचूक होईल या समजुतीने. होतं उलटंच. बारीक कडेत हलणं मोठं दिसतं, माणूस घाबरून ट्रिगर झटकतो. ४ मिलिमीटरच्या आसपासची रिंग लावा आणि पहिले सहा महिने तिला हात लावू नका.

कपड्यांवरचे ६५ हजार ऐकून तुमच्या घरचे विचारतील, रायफल ठीक, पण कोटाला एवढे कशाला? उभ्या स्थितीत साडेचार-पाच किलोची रायफल दंडाच्या जोरावर धरायची नसते. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, पाठ किंचित मागे झुकते आणि वजन हाडांवरून जमिनीत जातं. त्या झुकलेल्या पाठीला आधार जॅकेट देतं. म्हणून ते कडक कॅनव्हासचं आणि चामड्याचं असतं, आणि नियमाने त्याची जाडी एका थराला अडीच मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाहीत. जॅकेट सैल असलं तर आधार मिळत नाही, पाठ स्वतः काम करते आणि चाळिसाव्या नेमानंतर कंबर बोलायला लागते. त्यामुळे जॅकेट मापाचं शिवून घ्या. भारतात बनणारी, कॅपापी वगैरेंची, मापानुसार मिळणारी जॅकेट पहिल्या दोन वर्षांना पुरेशी आहेत. परदेशी जॅकेटचा फरक अजून तुम्हाला कळणार नाही. माप देताना आत घालायचा बनियन आणि स्वेटर अंगावर असू द्या. वापरलेली रायफल चालते, वापरलेलं जॅकेट सहसा चालत नाही, कारण ते आधीच्या माणसाच्या पाठीवर वाकलेलं असतं. वजन कमी करायचा बेत असेल तर आधी ते करा, मग माप द्या.

कोल्हापूरचा पाऊस या सगळ्या सामानाचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर जॅकेट ओलावा धरून मऊ पडतं. घडी घालून बॅगेत ठेवलंत तर घडीवर कायमचं मोडतं आणि बुरशी येते. रुंद लाकडी हँगरला लावून, पंख्याच्या वाऱ्याला सुकवा. उन्हात टाकलंत तर चामडं आखडतं. रायफलच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरा (तो तवा मग स्वयंपाकात परत नेऊ नका). केसमधला फोम ओला असताना त्यात रायफल बंद करणं सगळ्यात वाईट. दोन दिवसांत ट्रिगरच्या स्क्रूंवर तांबूस ठिपके येतात. छऱ्यांवर पांढरी भुकटी धरली तर तो शिशाचा गंज. ती डबी स्पर्धेला नेऊ नका, आणि हात न धुता भाकरीला लावू नका. शिसं अंगात गेलं की लवकर निघत नाही.

हवेचंही तसंच. सिलिंडर भरायला हातपंप स्वस्त पडतो, पण पावसाळ्यातली दमट हवा २०० बारला दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरच्या आत उतरतं, आणि मग व्हॉल्व्ह नि रेग्युलेटर गंजतात. पंप घेतलात तर ओलावा शोषणारा फिल्टर त्याच्याबरोबर घ्या आणि पन्नास-पन्नास दांडे मारून मध्ये थांबा, नाहीतर पंपाची सीलं तापून जातात. रेंजवर भरलेली मोठी टाकी असेल तर पंप घेऊच नका, ते पैसे छऱ्यांकडे वळवा. २०० बारच्या वर कधीच भरू नका, आणि भरताना घाई करू नका. झपाट्याने भरलेली हवा तापते, निवली की दाब खाली येतो आणि वाटतं गळती आहे.

छर्रे निवडताना ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा डोक्याच्या मापांची एक-एक डबी आणा, शिकंजात प्रत्येकाचे दहा-दहाचे तीन गट मारा, ज्याचं भोक लहान त्याच लॉटच्या (कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या मालाच्या) डब्या एकदम घ्या. हे वर्षातून एकदा. दर महिन्याला छर्रा बदलणाऱ्याला आपली चूक कुठली आणि छऱ्याची कुठली हे कधीच उमगत नाही.

बिनपैशाचा सराव म्हणजे ड्राय फायरिंग, छर्रा न घालता नेम आणि ट्रिगर. घरात भिंतीवर छोटं टार्गेट लावून रोज वीस मिनिटं. मॅच एअर रायफलला त्यासाठी वेगळी सोय असते, कळ फिरवली की हवा न सुटता ट्रिगर काम करतो. साध्या .२२ रायफलवर मात्र रिकामा घोडा पाडू नका. त्यात फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, कडेला बारीक काटा उठतो आणि मग गोळी अडकते.

इथपर्यंतचं थोडक्यात: डुकरं वनविभागाकडे आणि कुंपणाकडे, स्कोप रद्द, पहिली दोन वर्षं १० मीटर, रायफल वापरलेली पण तपासलेली, जॅकेट नवं आणि मापाचं, आणि दोन वर्षांचे छर्रे आधी बाजूला काढलेले.

तुमच्या परिस्थितीवर काय बदलेल तेही सांगतो. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या किंवा विभागीय क्रीडा संकुलाच्या रेंजवर आठवड्यातून दोनच दिवस येणं जमणार असेल तर छऱ्यांचा आकडा निम्मा होतो, पण रायफलचा वाढवू नका. वाचलेले पैसे प्रशिक्षकाच्या वेगळ्या तासांना द्या. रेंजवर क्लबची रायफल वापरायला मिळत असेल तर पहिले तीन-चार महिने रायफल घेऊच नका. तेवढ्यात तुमची उभं राहण्याची ठेवण ठरते आणि कुठला दस्ता जमेल ते कळतं. आणि पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच उभ्या प्रकारात पडा. हा खेळ पाठीवर एका बाजूने भार टाकतो.

दोन वर्षांनी गुण वर आले, राज्य स्पर्धेत टिकलात, की ५० मीटरचा विचार करा. तेव्हाही .२२ लगेच विकत घेऊ नका. पुण्याला बालेवाडीत ५० मीटरची रेंज आहे. तिथे किंवा क्लबमध्ये संघटनेमार्फत सरावाची सोय होते का ते आधी बघा. स्वतःची घ्यायची वेळ आली की परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था हे सगळं लागतं. वय किमान २१ लागतं. तुम्हाला ती अडचण नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून घरात वडिलोपार्जित बारा बोअर तुमच्या नावावर असेल तर ती मोजून चाला. स्पर्धांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलला लावत जा. परवान्याला आणि गोळ्यांच्या कोट्याला तीच कामाला येतात.

तिथे गेल्यावर दोन नवे खर्च येतात आणि दोन्ही लोक विसरतात. पहिला वाऱ्याचा. १० मीटर बंद हॉलमध्ये होतं, ५० मीटर उघड्यावर. .२२ ची मॅच गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाते, आणि सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा तिला ५० मीटरवर पाच-सहा मिलिमीटर ढकलतो. टार्गेटवर दोन वर्तुळांत अंतर आठ मिलिमीटरचं. म्हणजे गालाला जेमतेम कळणाऱ्या झुळकेने दहाचा नऊ होऊ शकतो. वारा वाचायला गोळ्याच खर्चाव्या लागतात, दुसरा मार्ग नाही. दुसरा खर्च लॉट तपासण्याचा. एकाच नावाची गोळी, पण एका लॉटला नळी खूश, दुसऱ्याला नाराज. म्हणून आधी तीन-चार लॉटचे थोडे थोडे डबे मारून बघायचे, मग वर्षाचा साठा एका लॉटमध्ये घ्यायचा, परवान्याच्या मर्यादेत राहून. स्लिंग (रायफल हाताशी घट्ट धरायचा पट्टा), नीलिंग रोल (गुडघ्यावर बसताना पायाखाली घ्यायची उशी), आणि कागदी टार्गेट असेल तर बाजूला उभी करायची स्पॉटिंग स्कोप, हे त्यापुढचं. दुर्बिणीची तुमची हौस तिथे नियमात बसून भागेल.

रायफल बघायला जाण्याआधी घरी एक गोष्ट करा. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये लहान खिडकी ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचं घड्याळ त्या खिडकीत धरा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत राहतं तो तुमचा नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळाही उजवा असेल तर वरचा हिशेब तसाच. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर मला कळवा, प्रशिक्षकालाही दाखवा आणि तोवर सौदा करू नका. डाव्या खांद्यावर शिकायचं ठरलं तर दस्ता डावा लागेल, तसल्या वापरलेल्या रायफली कमी मिळतात आणि त्या एका लाख चाळीस हजारांत तीस-चाळीस हजारांची भर धरावी लागेल. राखून ठेवलेले तीस हजार आहेत ते त्यासाठीच.